पुंगळी पुन्हा मापात आणताना

रायफल झाडली की काडतुसाच्या चार भागांपैकी तीन तिथल्या तिथे खर्ची पडतात. बुडातली टोपी फुटते, दारू जळते, गोळी नळीतून निघून जाते. हाती उरते ती पितळेची पुंगळी. सुट्या भागांचा हिशेब मांडला तर सहसा सगळ्यात महाग तीच, आणि नीट वागवली तर ती अनेकदा पुन्हा भरता येते. म्हणून जिथे कायदा परवानगी देतो तिथले नेमबाज गोळीबार संपला की आधी खाली वाकून पुंगळ्या गोळा करतात.

पण झाडलेली पुंगळी जशीच्या तशी वापरता येत नाही, कारण ती फुगलेली असते. तिला मापात आणणारं पोलादी साधन म्हणजे साइझिंग डाय. मापात आलेल्या पुंगळीच्या तोंडात नवी गोळी सरळ आणि ठरलेल्या खोलीवर बसवणारं साधन म्हणजे सीटिंग डाय. या दोन्हींचे बाजारात इतके प्रकार आहेत की नवखा माणूस सूचिपत्र चाळूनच गांगरतो. कुठली डाय कशासाठी हे कळायला सूचिपत्रापेक्षा पितळाचा स्वभाव जास्त उपयोगी पडतो.

आधी कायद्याचं

नागपूरच्या वाचकाला एक गोष्ट अगोदरच सांगायला हवी. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. या कायद्याने दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीही घातली आहे. रायफलचा परवाना खिशात आहे म्हणून परदेशातून डाय ज्यात बसते तो प्रेस आणि डायचा संच मागवावा आणि गच्चीवरच्या खोलीत काम सुरू करावं, असं इथे चालत नाही. रायफल बाळगण्याचा परवाना वेगळा आणि काडतूस बनवण्याचा वेगळा. त्यामुळे हा लेख कृती म्हणून वाचू नये. दारूचं वजनमाप यात मुद्दाम दिलेलं नाही. जिथे हा छंद कायदेशीर आहे अशा देशांत स्थायिक झालेल्या मराठी नेमबाजांना निवडीसाठी आणि बाकीच्यांना धातूची करामत समजण्यासाठी तो लिहिला आहे.

करामत म्हणावी असं त्यात बरंच आहे, आणि नागपूरला ती परकी नाही. 1 ऑक्टोबर 2021 रोजी देशातल्या आयुध निर्माणींच्या सात कंपन्या झाल्या. त्यांपैकी यंत्र इंडिया लिमिटेडचं मुख्यालय अमरावती रोडवर अंबाझरीला आहे. रायफलची काडतुसं बनतात ती जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावला, 1964 पासून, आणि पुण्याजवळच्या खडकीला, जिथे कारखाना 1869 पासून आहे. पितळेची चकती कापायची, तिचा कप करायचा, तो ओढून ओढून नळी करायची, मधे मधे तापवून मऊ करायची आणि शेवटी डायमधून दाबून खांदा (जिथे पुंगळी निमुळती होते) आणि गळा (जो गोळी धरतो) काढायचा, असा तो सगळा प्रवास. नेमबाजाच्या टेबलावरची डाय या प्रवासातली फक्त शेवटची पायरी पुन्हा करते. हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत प्रेस टूलवर काम केलेल्या माणसाला ती बघताक्षणी ओळखता येईल.

आपल्याकडे याची चर्चा का नाही

1 ऑगस्ट 2024 रोजी कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. त्याआधी 2010 मध्ये कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली होती. हे दोन्ही प्रकार पॉइंट टू-टू रायफलचे. त्या काडतुसाला वेगळी टोपी नसते. स्फोटक मसाला पुंगळीच्या बुडाच्या पोकळ कडेत भरलेला असतो आणि रायफलची पिन ती कडच चेपते. कड चेपली गेली की पुंगळीचं आयुष्य तिथेच संपतं. म्हणून आपल्या सगळ्यात यशस्वी नेमबाजांनाही डाय-प्रेसची गरज पडत नाही. त्यांचा सगळा शोध आपल्या नळीला मानवणारा काडतुसांचा लॉट निवडण्यात असतो.

पुन्हा भरण्याची विद्या लागते ती मोठ्या बोअरच्या रायफलला, जिच्या काडतुसाच्या बुडात मधोमध टोपी बसते आणि ती काढून नवी घालता येते. 300 मीटरचा प्रकार या रायफलींचा. ऑलिंपिकमध्ये तो शेवटचा झाला 1972 साली म्युनिकला. जागतिक स्पर्धांत मात्र तो टिकून आहे.

त्यातही टोपीच्या दोन जाती आहेत. बॉक्सर जातीच्या पुंगळीत टोपीमागे मधोमध एकच भोक असतं, त्यामुळे डायमधली पिन ते गाठून जुनी टोपी सहज ढकलून काढते. बर्डान जातीत भोकं बाजूला असतात आणि मधे पितळेचा उंचवटा असतो. पिन त्यावर आपटून मोडते. पुंगळीत टॉर्च मारून आत बघणं हे म्हणून पहिलं काम. भोक एकच दिसलं तरच पुढचं बोलायचं.

चार हजार बार आणि नंतर

रायफलच्या पुंगळीचं पितळ म्हणजे साधारण 70 भाग तांबं आणि 30 भाग जस्त. हे मिश्रण थंड अवस्थेतही भरपूर ताणलं जातं आणि फाटत नाही. उदाहरणासाठी .308 विंचेस्टर घेऊ. 7.62 मिलिमीटर लष्करी काडतुसाचं ते नागरी भावंड. युरोपीय मानकाप्रमाणे त्यात दाबाची कमाल मर्यादा 4,150 बार आहे. काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे रायफलच्या नळीत ते जिथे बसतं त्या पोकळीत, सहज जावं म्हणून चेंबर त्याच्यापेक्षा किंचित मोठा ठेवलेला असतो. दारू पेटली की पुंगळीची पातळ भिंत फुगून चेंबरला चिकटते आणि गॅसला मागे यायची वाट बंद करते. दाब ओसरला की पितळ थोडं मागे सरतं, म्हणून ती बाहेर ओढता येते. पण मूळ मापावर ती येत नाही. गळा रुंदावतो, अंग फुगतं, खांदा पुढे सरकतो. झाडलेली पुंगळी त्या विशिष्ट चेंबरचा साचाच असते.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. पितळ जितक्यांदा ताणावं-दाबावं तितकं ते कडक होत जातं. पितळेची पट्टी एकाच जागी पुढेमागे वाकवत राहिलं की तिथे ती आधी हट्टी होते आणि मग तुटते. पुंगळीच्या गळ्याचं तेच होतं. झाडताना तो फुगतो, डाय त्याला दाबते, डायमधला फुगीर गोळा त्याला आतून पुन्हा रुंद करतो, नवी गोळी आणखी थोडा ताणते. एका फेरीत चार वेळा काम. म्हणून काही फेऱ्यांनी फक्त गळा-खांदा तापवून मऊ करतात. बूड कधीही तापवायचं नाही, सगळा दाब तेच पेलतं. लष्करी काडतुसाच्या खांद्याजवळ निळसर-तपकिरी झाक दिसते ती कारखान्यातल्या याच तापवण्याची. नागरी काडतुसावर ती बहुधा पुसून टाकलेली असते.

गळ्यात राहिलेला ताण काय करू शकतो याचा धडा आपल्याच देशात मिळाला आहे. ब्रिटिश फौजेच्या काळात तबेल्यांत साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या पावसाळ्यात आपोआप तडकत. कुणी हात लावलेला नसे, गोळी झाडलेली नसे. गळ्यातला साठलेला ताण, ओल आणि घोड्यांच्या मुतातून उठणारा अमोनिया असे तीन शत्रू एकत्र आले की पितळ भेगाळतं, हे 1921 साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी उलगडून दाखवलं. हलकं तापवून ताण काढला की तडे थांबतात, हेही कळलं. पुंगळ्या धुणाऱ्याला यातून आजही एक पथ्य मिळतं. देवघरातली पितळी भांडी चकाकवणारं अमोनियाचं पॉलिश पुंगळीला लावायचं नाही.

डायच्या निवडीचं सूत्र इथूनच निघतं. काडतूस चेंबरमध्ये विनासायास जाईल एवढंच पितळ दाबायचं, त्याहून जास्त नाही.

फुल-लेंग्थ आणि नेक डाय

फुल-लेंग्थ डाय पुंगळीचं अंग, खांदा आणि गळा एकाच दाबात मापात आणते. मधोमध एक दांडा असतो. त्याच्या टोकाची पिन जुनी टोपी पाडते, आणि वरचा फुगीर गोळा पुंगळी बाहेर येताना गळा आतून ठरलेल्या मापाला रुंद करतो. नेक डाय फक्त गळा आवळते, अंगाला हात लावत नाही.

पहिल्यांदा ऐकताना नेक डायच शहाणपणाची वाटते. पुंगळी चेंबरच्या मापाची झालीच आहे, मग पुन्हा का दाबायची? एके काळी अचूकतेच्या मागे लागलेले बरेच नेमबाज हेच म्हणत. पण दर झाडण्यागणिक अंग थोडं फुगत राहतं आणि काही फेऱ्यांनी बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा दांडा, लावायला जोर लागतो. मग फुल-लेंग्थ डाय काढावीच लागते आणि त्या दिवशीची काडतुसं आधीच्या काडतुसांपेक्षा वेगळी वागतात. म्हणून आज स्पर्धेतले बहुतेक जण दर वेळी फुल-लेंग्थ डायच वापरतात, पण अगदी हलक्या हाताने. सारखेपणा हवा असेल तर दर वेळी तेच आणि तेवढंच करणं बरं.

एकाच बोअरच्या दोन रायफली असतील, तर साधी फुल-लेंग्थ डाय हाच मार्ग. एका चेंबरचा साचा दुसऱ्यात जाईलच असं नाही. अर्धस्वयंचलित रायफलला बोल्ट हाताने रेटून बंद करण्याची सोय नसते, म्हणून तिची पुंगळी जरा जास्त दाबावी लागते. बुडाजवळचं अंग अधिक आवळणारी स्मॉल-बेस डाय तिच्यासाठीच आहे. बोल्ट-ॲक्शनवाल्याने ती घेतली तर पितळ विनाकारण झिजतं.

दहा अंशांचा हिशेब

हलका हात म्हणजे किती? बोल्ट-ॲक्शनसाठी खांदा झाडलेल्या मापापेक्षा 0.025 ते 0.05 मिलिमीटर मागे ढकलला की पुरतो. अर्धस्वयंचलितसाठी साधारण दुप्पट. केसाची जाडी बहुधा यापेक्षा जास्तच भरते.

डाय प्रेसमध्ये आट्यांनी बसते. बहुतेक डायचे आटे 7/8 इंच व्यासाचे, इंचाला 14. म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात डाय 1.81 मिलिमीटर खाली उतरते. 0.05 मिलिमीटरसाठी तिला फिरवायचं जेमतेम दहा अंश. घड्याळाचा मिनिटकाटा दोन मिनिटांत याहून जास्त सरकतो. डब्याबरोबरच्या कागदावर लिहिलेलं असतं की डाय प्रेसमधल्या, पुंगळीचं बूड धरणाऱ्या शेलहोल्डरला टेकेपर्यंत फिरवा आणि वर पाव फेरा द्या. त्या पाव फेऱ्यात साडेचार दशांश मिलिमीटर येतात. लिहिणाऱ्याला तुमचा चेंबर माहीत नसतो, काडतूस कुठल्याही रायफलमध्ये जावं एवढीच त्याची काळजी असते.

म्हणून आधी मोजायचं. व्हर्नियरला खांद्यावर टेकणारा कंपॅरेटर लावून झाडलेल्या पुंगळीचं बुडापासून खांद्यापर्यंतचं माप घ्यायचं. मग डाय उंच ठेवून सुरुवात करायची, एकेक पुंगळी दाबायची, मोजायची आणि दर वेळी चिमूटभर फिरवत खाली यायचं. इथे एक चकवा आहे. सुरुवातीला माप कमी होण्याऐवजी वाढतं, कारण अंग आत दबतं आणि ते पितळ खांद्याला वर ढकलतं. खांदा डायला टेकला की मग माप उतरू लागतं. हवं ते माप मिळालं की डाय तिथेच पकडून ठेवणारी लॉक रिंग घट्ट करायची.

खांदा गरजेपेक्षा जास्त मागे ढकलत राहिलं तर दर वेळी पुंगळी लांबीला ताणली जाते आणि बुडाच्या थोडं वर, जिथे जाड बूड संपून पातळ भिंत सुरू होते, तिथे ती आतून झिजते. बाहेर तिथे चकचकीत कडं उमटतं. बारीक तारेचं टोक वाकवून आतून फिरवलं तर चर लागतो. चर लागला की ती पुंगळी बाद. तशीच वापरली तर एक दिवस बूड बाहेर येतं आणि बाकीची नळी चेंबरमध्ये अडकून राहते.

वंगण विसरून चालत नाही. पिस्तुलाच्या सरळ पुंगळ्यांना कार्बाइडची डाय कोरडी चालते. रायफलच्या गळेदार पुंगळीला कार्बाइड असो की पोलाद, वंगण हवंच. कमी पडलं तर पुंगळी डायमध्ये रुतून बसते, जास्त झालं तर खांद्यावर तेलाचे पोचे पडतात. प्रत्येक दाबाबरोबर पितळ गळ्याकडे वाहतं, म्हणून पुंगळीची लांबी वाढते. .308 साठी कमाल मर्यादा 51.18 मिलिमीटर. त्यापुढे गेलेली पुंगळी कापून सुमारे 50.93 वर आणतात. लांब पुंगळीचं तोंड चेंबरच्या टोकाला चेपून गोळीला आवळतं आणि दाब धोकादायक चढतो.

गळ्याचा वेगळा विचार

साध्या डायचा गळा अरुंद असतो, कारण पातळ भिंतीची पुंगळीही तिला आवळावी लागते. मग जाड पुंगळी गरजेपेक्षा खूप दाबली जाते आणि आतला गोळा तिला पुन्हा फुगवतो. बाहेर येताना तोच गोळा गळा ओढून वाकडाही करू शकतो. बुशिंग डाय यावरचा तोडगा. तिच्या गळ्याच्या जागी बदलता येणारी कडी असते आणि या कड्या इंचाच्या हजाराव्या भागाच्या, म्हणजे 0.025 मिलिमीटरच्या अंतराने मिळतात.

कडी कशी निवडायची? गोळी बसवलेल्या काडतुसाचा गळा मोजायचा. .308 च्या गोळीचा व्यास 7.82 मिलिमीटर, गळ्याची भिंत समजा 0.37, ती दोन्हीकडून धरली की बेरीज 8.56. यातून 0.05 वजा करायचे. 8.51 ची कडी घेतली की गळा गोळीला पुरेसा धरतो आणि पितळाला एकदाच, थोडंसंच काम पडतं. वेगळ्या कंपनीची पुंगळी आली की भिंत वेगळी, आणि कडीही वेगळी. गळा आतल्या दांड्यावर बाहेरून आवळणारी कॉलेट डायही मिळते. ती वंगणाशिवाय चालते, पण अंगाला हात लावत नाही.

सीटिंग डाय

सीटिंग डायचं काम ऐकायला सोपं आहे. वरचा दांडा गोळीला ढकलतो, ती गळ्यात उतरते. खरे प्रश्न दोनच. दांडा गोळीला कुठे टेकतो आणि ढकलताना ती सरळ राहते का.

गोळीचं टोक कधीच एकसारखं नसतं, विशेषतः पोकळ टोकाच्या स्पर्धेच्या गोळ्यांचं. दांडा टोकाला टेकला तर प्रत्येक काडतुसाची खोली थोडी वेगळी पडते. म्हणून तो टोकाला न शिवता गोळीच्या उतारावर टेकायला हवा. लांब, निमुळत्या गोळ्यांसाठी आतून खोल केलेला दांडा वेगळा मिळतो. मोजायचंही तसंच, बुडापासून उतारावरच्या ठरावीक व्यासापर्यंत. टोकापर्यंतची पूर्ण लांबी बघायची ती मॅगझिनमध्ये मावतं का एवढ्यापुरती. .308 ला ती मर्यादा 71.12 मिलिमीटर आहे.

सरळपणासाठी चांगल्या डायमध्ये सरकती नळी असते. पुंगळी आणि गोळी आधी तिच्यात एका रेषेत धरली जातात, मग दाब पडतो. वरच्या मायक्रोमीटरमुळे खोली आकड्यावर ठेवता येते आणि गोळी बदलल्यावर जुन्या मापावर परत येता येतं. तरीही वाकडं आलेलं काडतूस दिसलं की सीटिंग डायला दोष देण्याआधी रिकामा गळा डायल गेजवर फिरवून बघावा. बहुतेकदा बाक साइझिंगमध्येच आलेला असतो, आणि वाकड्या गळ्यात कुठलीही डाय गोळी सरळ बसवत नाही.

अनेक सीटिंग डायमध्ये तोंड आत दुमडणारी कडही असते. गोळीवर त्यासाठी कोरलेली खाच नसेल तर ही कड वापरू नये. डाय पुंगळीला टेकली की अर्धा-एक फेरा मागे घ्यावी, नाहीतर नकळत गोळी चेपली जाते आणि खांदा फुगतो. असं काडतूस चेंबरमध्ये जातच नाही.

मग घ्यायचं काय

शिकारीला परवानगी असलेल्या देशात राहणाऱ्याला एक साधी फुल-लेंग्थ डाय आणि साधी सीटिंग डाय पुरते. शंभर-दीडशे मीटरवर मायक्रोमीटरचा फरक लक्ष्यावर दिसत नाही. अर्धस्वयंचलित रायफलवाल्याने फुल-लेंग्थपासून सुरुवात करावी आणि काडतूस अडलं तरच स्मॉल-बेस बघावी. एकाच बोल्ट-ॲक्शनवर 300 मीटर किंवा त्यापुढे खेळणाऱ्याने बुशिंगची फुल-लेंग्थ डाय आणि सरकत्या नळीची मायक्रोमीटर सीटिंग डाय घ्यावी. पैसे एकाच चांगल्या डायपुरते असतील तर ते साइझिंगवर घालावेत, कारण तिथली चूक पुढे कुणी दुरुस्त करत नाही.

या सगळ्यांच्या आधी व्हर्नियर आणि कंपॅरेटर विकत घ्यायचा. आपल्याच रायफलमध्ये झाडलेल्या पाच-सहा पुंगळ्या मोजून आकडे वहीत लिहायचे आणि त्या आकड्यांवरून डाय निवडायची. चेंबर न मोजता घेतलेली महाग डाय आणि डब्यावरच्या कागदाप्रमाणे पाव फेरा देऊन वापरलेली स्वस्त डाय, दोन्ही पितळाचं सारखंच नुकसान करतात.